चामुंडेचा एक बळी

शस्त्र हा वीराचा प्राण असतो आणि त्याचा सांभाळ हे कुळाचं व्रत असतं, असं माझा साडू हेमराज सबनीस मला सांगत होता, तेव्हा त्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता डिशवॉशरमध्ये फिरत होता.

आतून मधूनच ठण्ण आवाज येत होता.

"हा कसला आवाज?" मी विचारलं.

"पूजेचं तबक असेल. पाणी तापवतोच आहोत, तर म्हटलं चांदीची भांडीही उरकून घ्यावीत."

त्याची बायको वृंदा स्वयंपाकघरात आली, तिनं न विचारता यंत्राचं दार उघडलं आणि वाफेचा लोट आमच्या अंगावर आला. पन्नास-साठ वर्षं लाकडात मुरलेलं बंदुकीचं ग्रीस, जुनं तेल, आणि त्यावर लिंबाच्या वासाचा साबण. ओल्या कुत्र्याला सरबत पाजावं तसा तो वास होता. वरच्या कप्प्यातल्या निरांजनांवर, तबकावर, गणपतीच्या छोट्या ताम्हनावर तपकिरी चिकट साय धरली होती.

"हेम, यात मला दसऱ्याला श्रीखंडाच्या वाट्या लावायच्यात."

"लाव ना. नैवेद्यच आहे तो."

वृंदानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे फिरवले. वासानं फिरले, असं समजायला हरकत नव्हती.

ही वीसेक वर्षांपूर्वीची, ओहायोतल्या कोलंबस शहराबाहेरची गोष्ट. दातांच्या विम्याचे दावे तपासणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा हेमराजचा व्यवसाय होता आणि स्विस लष्करानं मोडीत काढलेल्या रायफली जमवणं हा त्याचा धर्म. स्वित्झर्लंडनं जवळजवळ दोनशे वर्षांत युद्धच केलेलं नाही, हे मी त्याला पहिल्याच रायफलीच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणून तर माल कोरा मिळतो." पुढे त्याला आपली वंशपरंपरा आठवली, तेव्हा याच प्रश्नाचं उत्तर "तटस्थ राहायला जास्त शौर्य लागतं" असं झालं.

वंशपरंपरा अशी, की सबनीस हे गडावरच्या शिबंदीची हजेरी मांडणारे. चांगलं काम होतं. कोणीतरी करायलाच हवं होतं. पण हेमराजच्या बोलण्यात हे पूर्वज वर्षागणिक हजेरीपटावरून उठून तटाकडे सरकत चालले होते, आणि त्या वर्षापर्यंत ते बुरुजावर पोचले होते.

बुरुजावर पोचण्याची घाई होती, कारण आमचे सासरे येणार होते. मेजर टिपणीस, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. साताऱ्याला त्यांच्या दिवाणखान्यात, जावयांच्या खुर्चीच्या बरोबर वर, एक तलवार टांगलेली असे. मुलगा नाही, दोनच मुली. मोठी मृदुला माझी बायको, धाकटी वृंदा. त्या वर्षी अप्पांनी फोनवर सांगितलं, "दसऱ्याला येतो. तलवार कुणाला द्यायची तेही तिथंच ठरवून टाकतो."

तेव्हापासून हेमराज झोपेतही ताठ झोपत असावा.

आमच्या घरी मृदुला म्हणाली, "मोठी मुलगी मी. तलवार आपल्याकडे यायला हवी."

"आपण काय करणार तिचं?"

"काहीच नाही. म्हणूनच. त्याच्याकडे गेली तर तो तिला वॉर्निश लावेल."

ही भीती पोकळ नव्हती. तळघरातल्या रायफलींपैकी जी त्याला सगळ्यात जुनी आणि सोसलेली वाटली, तिचं त्यानं चामुंडा असं नामकरण केलं होतं. तिच्या सुंदर, मुकाट, करड्या झालेल्या अक्रोडी लाकडाला ओव्हन साफ करायचा फेस फासला, ती डिशवॉशरमधून काढली, 'रक्तवर्ण' नावाची छटा स्वतः कालवून तिला पाजली, आणि वर असं वॉर्निश चढवलं की ती लग्नातल्या पाटासारखी दिसायला लागली. दस्त्यावर पितळी पत्रा ठोकून त्यावर देवनागरीत 'चामुंडा' कोरून घेतलं. नळीला भगवा गोंडा बांधला. दस्त्याच्या खालच्या टोकाला मात्र त्यानं हात लावला नाही. तिथं लाकूड कुरतडल्यासारखं ठेचलेलं होतं.

"हे बघ," तो मला तळघरात म्हणाला होता, आवाज खाली आणून. "हातघाईची लढाई. गोळ्या संपल्या, मग दस्त्यानं डोकी फोडलीत."

"कोणाची?"

"ते हिच्या धन्यालाच विचारू."

धनी सापडला होता, ही खरी गोम. स्विस शिपाई दस्त्याच्या टोकाच्या पोलादी पट्टीखाली आपल्या नावाची चिठ्ठी ठेवत, म्हणजे रायफल कुणाची ते कळावं. संग्राहकांना हे माहीत असतं आणि नवी रायफल आली की ते आधी त्या पट्टीचे स्क्रू काढतात. चामुंडेच्या पोटात आलोइस गिस्लर हे नाव आणि एका डोंगराळ गावाचा पत्ता निघाला. हेमराजनं फोन लावला. गिस्लर जिवंत होते, त्याच घरात होते, आणि त्यांची नात ओहायोतच नर्स होती. ऑक्टोबरात ते तिच्याकडे येणार होते.

"रायफल बघायला येईन," ते फोनवर म्हणाले. एवढंच.

"आता अप्पांसमोर खराखुरा योद्धा बसवतो की नाही बघ," हेमराज म्हणाला. "चामुंडेनं किती घेतले ते त्याच्याच तोंडून. मी भाषांतर करीन."

"तू?"

"अरे, जर्मन शिकलोय मी."

शिकला होता खरा. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत आम्ही दोघं एकाच वर्गाला होतो. मी तीन वर्षं टिकलो. हेमराजनं पहिल्या वर्षी त्याच वर्गातल्या वृंदाला पटवलं आणि वर्ग सोडला. मृदुला धाकट्या बहिणीला न्यायला यायची, म्हणून मी टिकलो.

खंडेनवमी त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या सोयीनं शनिवारी आली. हेमराजच्या दिवाणखान्यात पाटावर लाल शालू, शालूवर चामुंडा, आणि तिच्या पायाशी लोकांनी पूजेला आणलेली शस्त्रं: स्क्रूड्रायव्हरचे संच, एक करवत, वृंदाची विळी आणि कुणाचासा लॅपटॉप. आपट्याची पानं ओहायोत मिळत नाहीत, म्हणून ताटात मॅपलची लाल पानं 'सोनं' होऊन पडली होती. अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेऊन बसले होते. आल्यापासून त्यांनी चामुंडेकडे एकदाच बघितलं होतं आणि "वॉर्निश का?" एवढंच विचारलं होतं.

नात गिस्लरना दारात सोडून ड्यूटीवर गेली. संध्याकाळी न्यायला येणार होती. म्हातारा उंच, वाकलेला, तपकिरी कोटातला. हात एवढे मोठे की दारातल्या वृंदाचा नमस्कार त्यात हरवला. आम्हाला त्यांची गावची बोली कळली नसती, म्हणून त्यांनी शाळेत शिकलेलं जर्मन बाहेर काढलं आणि एकेक शब्द पायरी चढल्यासारखा म्हणू लागले.

रायफल दिसताच ते तिच्यापाशी वाकले. वॉर्निशवरून अंगठा फिरवला. पितळी पत्रा, गोंडा बघितला. चेहरा सभ्यपणे कोरा ठेवला. मग दस्त्याचं ठेचलेलं टोक सापडलं आणि ते एकदम हसले. पाय उचलून दस्त्यानं बुटाची टाच ठोकल्याचा अभिनय केला.

"बर्फ!" ते म्हणाले. "बुटाच्या खिळ्यांत बर्फ अडकायचा. आम्ही सगळे असंच झाडायचो. सार्जंट फार ओरडायचा."

"काय म्हणतात?" मागून कुणीतरी विचारलं.

"ओळखली म्हणतात," हेमराज म्हणाला.

पूजा सुरू झाली. हेमराज सोवळ्यात, वर जरीचा फेटा. मंत्र कॅसेटवर होते. हळद, कुंकू, अक्षता, आणि मग तो पंचामृताचा गडू घेऊन उभा राहिला.

"हेमराज, शिंपड फक्त," मी म्हणालो. "लोखंड आहे."

"निशी, अभिषेक शिंपडत नसतात."

आणि त्यानं दूध, दही, तूप, मध आणि साखर त्या यंत्रावर ओतली. घड्याळाच्या कारागिरांच्या देशानं केसाच्या अंतरानं बसवलेल्या, गोळी भरायच्या त्या बोल्टमध्ये दही शिरताना मी बघितलं. मध चापावरून संथ उतरत शालूवर ठिपकला. एक द्राक्ष कुठून तरी आलं होतं, ते नेम धरायच्या खाचेत बसलं. खोलीत गरम होत होतं. थोड्याच वेळात आंबूस वास सुटला. गिस्लर मांडीवर हात ठेवून बघत राहिले. त्यांच्या देशात पाहुणे मधे बोलत नसावेत.

आरती झाली. हेमराजनं घसा साफ केला.

"आज आपल्यात या शस्त्राचा मूळ धनी बसला आहे. शस्त्र जागृत केव्हा होतं? रक्त चाखल्यावर. तेव्हा आपण त्यांनाच विचारू." मग जर्मनमध्ये, क्रियापदं वाटेत सांडत, "हेर गिस्लर. या रायफलीनं मारले किती?"

म्हाताऱ्यानं रायफलीकडे बघितलं. वृंदानं त्यांना पाणी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"एक," ते म्हणाले.

"एक!" हेमराजनं बोट वर केलं. खोलीतून हुंकार आला. त्यानं अप्पांकडे बघितलं. अप्पांनी कप खाली ठेवला.

"चव्वेचाळीस साल," गिस्लर म्हणाले. "ऑक्टोबर. पहिला बर्फ. मी खिंडीत पहाऱ्याला होतो. धुकं. पलीकडून पावलं ऐकू आली. मी हाकारलं, परवलीचा शब्द विचारला. उत्तर नाही. पुन्हा हाकारलं. पावलं जवळ येत होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी बार काढला."

हेमराज एकेका वाक्याचं भाषांतर करत होता, आणि सांगायला हवं, चांगलं करत होता. 'धुकं' म्हणताना त्याचा आवाज धुक्यासारखा झाला होता. खोलीत टाचणी पडली असती तर तिचीही पूजा झाली असती.

"उजाडल्यावर बघितलं," गिस्लर म्हणाले. "फ्लोरा होती. आर्नोल्डबाईंची. दावं तोडून आली होती."

हेमराजचं तोंड उघडं होतं, पण त्यातून मराठी येईना.

"काय? काय म्हणाले?" लोक पुढे सरकले.

आपलं जर्मन कळलं नाही असं म्हाताऱ्याला वाटलं. "कू," ते म्हणाले, हळू, समजावून. तरी लोक हेमराजकडेच बघत होते. तेव्हा त्यांनी ते मोठे हात वर नेले आणि दोन्ही तर्जन्या कपाळाच्या कडांना लावून शिंगं करून दाखवली.

मी हेमराजकडे बघत होतो. फेट्याखाली घामाची एक धार निघाली. त्यानं अप्पांकडे बघितलं, पाटावरच्या दह्याकडे बघितलं, आणि म्हणाला,

"शिरस्त्राण. शिंगांचं शिरस्त्राण होतं त्याच्या डोक्यावर. शत्रूचा मोठा अधिकारी होता तो."

"बाप रे!" कुणीतरी म्हणालं.

गिस्लरना धीर आला. कळलं एकदाचं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचा आवाज मऊ झाला. "बाई विधवा होत्या. तेवढी एकच गाय. युद्धानंतर दोन उन्हाळे मी त्यांच्याकडे राबलो. दुसऱ्यांच्या गायींचं दूध काढून त्यांना नेऊन द्यायचो. त्या मला काही बोलल्या नाहीत. कधीच नाही. तेच वाईट होतं." आणि बोलता बोलता त्यांच्या मुठी पुढे येऊन खाली-वर, खाली-वर झाल्या.

"मग हातघाई झाली," हेमराज म्हणाला. "यांनी त्याचा गळा असा आवळला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून "हर हर महादेव!" झालं. हेमराजनं झेंडूचा हार म्हाताऱ्याच्या गळ्यात घातला आणि फोटोसाठी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मी टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत होतो. बहुतेकांच्या बोटांना प्रसादाचा मध लागलेला होता, त्यामुळे टाळ्या चिकट वाजत होत्या.

लोक श्रीखंडाकडे वळले. गिस्लर हारात तसेच बसून होते. मी शेजारी बसलो.

"तुमचं जर्मन चांगलं आहे," मी दोन शब्द बोललो तेव्हा ते म्हणाले. "तर मला सांगा. हे टाळ्या का वाजवतात?"

"त्यांना वाटलं, माणूस होता."

त्यांनी विचार केला. मग हार काढला, नीट घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवला.

"माणूस असता," ते म्हणाले, "तर मी बघायला आलो असतो का?"

ते उठून पाटाशी गेले. सवयीनं बोल्टची मूठ धरून मागे ओढली. यंत्र कुरकुरलं, आणि आतून पांढरं पाणी शालूवर सांडलं. त्यांनी बोट बुडवून नाकाशी नेलं.

"दूध?"

"हो."

ते बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. मग खिशातून स्वच्छ रुमाल काढला, बोट पुसलं, रुमालाची घडी आतल्या बाजूला फिरवून पुन्हा खिशात ठेवली. नात येईपर्यंत ते बाहेर पायरीवर बसले. वृंदानं त्यांना कोट नेऊन दिला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मृदुलाची ताटं न्यायला गेलो, तर गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून जो वास येत होता त्यापुढे डिशवॉशरचा वास अत्तर होता. हेमराज स्टुलावर बसून नरसाळ्यानं चामुंडेच्या नळीत काहीतरी पिवळं ओतत होता. शेजारी देशी वाणसामानाच्या दुकानातली बाटली होती. बाटलीवर गाय हसत होती.

"गोमूत्र?" मी म्हणालो.

"शुद्धी नको करायला? गोहत्येचं शस्त्र, निशी! माझ्या घरात! वरून मी त्याच्यापुढे साष्टांग घातला. मला काल रात्रभर मळमळत होतं."

"गायीमुळे की थापेमुळे?"

"थाप कसली? भावानुवाद होता तो." त्यानं नळी वर करून कालच्या दह्याचा लगदा गजानं पुढे ढकलला. समोरच्या तोंडातून करड्या-पिवळ्या रंगाचं काहीतरी गोळ्यागोळ्यांनी वर्तमानपत्रावर पडलं. "हे बघ. अप्पा दुपारी तलवारीचं सांगणार आहेत. तोपर्यंत तोंड उघडू नकोस. तुला कुठं हवीय ती?"

मला नकोच होती, हे खरं. त्या क्षणी नाश्ताही नको होता.

"तो म्हातारा आयुष्यभर जे कुणापुढे बोलला नसेल ते तुझ्या घरी येऊन बोलला," मी म्हणालो, "आणि तू त्याला हार घातलास."

"अरे, पाहुण्याला हार नको घालायला?" हेमराज म्हणाला. तो खरोखर विचारत होता.

दुपारी जेवणं झाल्यावर अप्पांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "तलवार हेमराजरावांना. डिसेंबरात साताऱ्याला या आणि घेऊन जा."

हेमराजचे डोळे भरून आले. तो पाया पडला. वृंदा आत निघून गेली. मृदुलानं बापाशी बोलणं सोडलं आणि माझ्याशीही, म्हणजे माझ्याशी का ते मला आजही नीट माहीत नाही.

त्यामुळे संध्याकाळी अप्पांना विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो. वाटेत रस्त्याकडेच्या एका कुरणात गायी दिसल्या, आणि अप्पा म्हणाले,

"गायच होती ना ती?"

"तुम्हाला जर्मन येतं?"

"नाही. पण गळा आवळल्याचं सांगताना माणूस दूध काढून दाखवत नाही, निशिकांतराव. आणि तसं रडवेलंही होत नाही. फौजेत बरेच बघितलेत मी. माणसं मारलेले सांगत नाहीत आणि सांगणाऱ्यांनी मारलेली नसतात."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मी गाडी चालवत राहिलो.

"मग तलवार त्यालाच का दिलीत?" मी शेवटी विचारलं. "मृदुला रडतेय घरी. घराण्याची तलवार ती. तो तिच्यावर पितळी पत्रा ठोकेल. नाव ठेवेल काहीतरी. दह्यानं न्हाऊ घालेल तिला."

"घालू दे."

"अप्पा!"

"घराण्याची कुणी सांगितली तुम्हाला?"

"म्हणजे?"

अप्पांनी काच थोडी खाली केली. माझ्या कपड्यांना अजून गॅरेजचा वास होता.

"साताऱ्याच्या बँडवाल्याची आहे ती. माझ्या लग्नात वरातीला हातात धरायला भाड्यानं आणली होती. गडबडीत परत द्यायची राहिली." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "घोडा मात्र त्याच दिवशी परत केला."